डॅशबोर्डची ठिसूळ मूळ चौकट न मोडता कशी काढावी, चिरा कशाने जोडाव्यात?

चोकवाला:
सत्तरच्या दशकातली गाडी आहे. डॅशबोर्डची चौकट उन्हाने ठिसूळ झालीय. स्क्रू बसतात त्या चार खांबांपैकी दोन तडकलेत, एक क्लिप तुटलीय. मागे प्लॅस्टिकचा प्रकार छापलेला नाही. टेल लॅम्पच्या ॲक्रिलिक काचाही धुरकट झाल्यात. नवे भाग मिळत नाहीत. चिरांना सुपरग्लू चालेल का?

जुनंइंजिन:
सुपरग्लू बाजूला ठेवा. तो सांधा कडक होतो, कंपनाने पुन्हा सुटतो, आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढुरका थर बसतो.

आधी प्लॅस्टिक ओळखा. तुटक्या क्लिपचा कपटा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, त्यावर प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या ॲसिटोनचा उपयोग नाही आणि साधी गोंदंही धरत नाहीत. तळाला राहिला तर त्यावर ॲसिटोनचा थेंब टाका. चिकट झाला तर बहुधा एबीएस, म्हणजे गाडीच्या आतल्या भागांना वापरतात ते कडक प्लॅस्टिक.

चौकट काढताना क्लिपांजवळ हेअर ड्रायर फिरवत राहा, 45-50 अंशांपर्यंत. हीट गन नकोच. एबीएस 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि वाकलेली चौकट परत जागेवर बसत नाही. स्क्रूड्रायव्हरऐवजी नायलॉनची पट्टी घाला, क्लिप सरळ रेषेत ओढा.

चोकवाला:
बुडाला, चिकटही झाला. पण एक चीर आरपार आहे आणि पुढची बाजू दाणेदार आहे.

पान्हा_बारा:
मग पुढून काहीही भरू नका. घासलंत की दाणा गेला, तो परत आणता येत नाही. सगळं काम मागून.

चिरेच्या टोकाला 1.5 मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. कडा तंतोतंत जुळवून दाबून धरा आणि मागून जाडीच्या निम्म्यापर्यंत व्ही आकाराची खाच पाडा. एबीएसचे तुकडे रात्रभर ॲसिटोनमध्ये ठेवले की मधासारखी लापशी होते. ती पातळ थरांत भरा, दोन थरांमध्ये एक दिवस जाऊ द्या. घाई केली तर अडकलेलं ॲसिटोन प्लॅस्टिक मऊ करतं आणि पुढच्या बाजूला खड्डा उमटतो. पूर्ण वाळल्यावर मागे फायबरची जाळी आणि दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी गोंद.

खांबांवर बाहेरून पितळी नळीचं कडं इपॉक्सीने बसवा. ते बहुतेक वेळा तडकतात कारण स्क्रू दरवेळी नवा आटा कापतो. बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात 'टक्' करून उतरला की हातानेच आवळा. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यावर लावायचं द्रव) लावू नका, त्याने एबीएस तडकतं.

जुनंइंजिन:
आणि जोडकाम संपेपर्यंत सिलिकॉन स्प्रे जवळ आणू नका, त्यावर काही चिकटत नाही.

टेल लॅम्पला अल्कोहोल, थिनर, ॲसिटोन लावू नका, ॲक्रिलिकमध्ये बारीक जाळीदार तडे पडतात. साबणाच्या पाण्याने धुवा. बाहेरची बाजू गुळगुळीत असेल तर 2000 आणि मग 3000 नंबरचा ओला पॉलिश पेपर, शेवटी प्लॅस्टिक पॉलिश. आतल्या बाजूला प्रिझम असतात, तिथे मऊ ब्रशपलीकडे काही नाही.