'कॅरेक्टर अ‍ॅक्टर'ला मराठीत काय म्हणायचं? ('चरित्र अभिनेता' सोडून सांगा)

शेवटची_रांग:
परवा बाबांबरोबर 'रेड रिव्हर' बघत होतो, 1948 चा, जॉन वेनचा. त्यात गुरांच्या तांड्याबरोबर स्वयंपाकाची गाडी हाकणारा ग्रूट नावाचा म्हातारा आहे, तो पोकरमध्ये चक्क स्वतःची कवळी हरतो, मग जिंकणारा ती त्याला फक्त जेवायच्या वेळेपुरती देतो, जेवण झालं की परत त्याच्या ताब्यात. बाबा हसून हसून बेजार, म्हणाले हा कोण रे? म्हटलं वॉल्टर ब्रेनन, मोठा चरित्र अभिनेता होता. तर बाबा म्हणतात, "अस्सं? कोणाकोणाची चरित्रं केली त्याने?"

आता बोला. चूक त्यांची नाहीये, मराठीत चरित्र म्हणजे शिवचरित्र, गुरुचरित्र. पण मग हिरो नसलेली, पण लक्षात राहणारी माणसं रंगवणाऱ्या ह्या नटाला म्हणायचं काय?

तिरफळ:
हिंदीतून उचललाय तो शब्द. हिंदीत चरित्र म्हणजे पात्रसुद्धा, आपल्याकडे त्याला पात्र किंवा व्यक्तिरेखा म्हणतात, आणि वागणुकीबद्दल बोलायचं तर चारित्र्य. बरं इंग्रजीच ठेवावा तर 'त्याचं कॅरेक्टर बरं नाही' ह्याचा अर्थ सगळ्या आळीला कळतो :) तरी सिनेमा-नाटकवाले बिनधास्त 'कॅरेक्टर रोल करतो' म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही. शुद्धच हवं असेल तर सहाय्यक अभिनेता आहे की.

शेवटची_रांग:
सहाय्यक नाही चालणार, आणि त्याला ब्रेननच उत्तम उदाहरण आहे. सहाय्यक म्हणजे रोल केवढा ते कळतं, नट कसला ते नाही कळत. देखणा हिरो एखाद्या पिक्चरमध्ये दुय्यम रोल करतो, तेवढ्यापुरता तो सहाय्यक, पण म्हणून काही ब्रेनन होत नाही.

गडी जन्मला 1894 साली मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्यात होता, नंतर लॉस एंजेलिसला जमीनजुमल्याच्या धंद्यात पैसे मिळवले आणि घालवले, मग पोटासाठी सिनेमात गर्दीतला माणूस म्हणून उभा राहायला लागला. 1932 मध्ये शूटिंगच्या अपघातात पुढचे दात गेले. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता, ह्याला उलट हत्यार सापडलं. कवळी काढली की गाल आत, बोबडं बोलणं, चाळिशीतला माणूस सत्तरीचा दिसायचा. दिग्दर्शकाने काम देऊ केलं की हा विचारायचा, दात लावून की काढून? असा किस्सा सांगतात.

1936, 1938 आणि 1940 च्या चित्रपटांसाठी तीन ऑस्कर, तिन्ही सहाय्यक अभिनेता म्हणून, त्या गटात तीन मिळवणारा तो एकटाच. 1936 च्या वेळी तर तो गट पहिल्यांदाच ठेवला होता. आणि गंमत म्हणजे तेव्हा सहाय्यकवाल्यांना ती सोनेरी बाहुली देतच नव्हते, पाटी द्यायचे, पाटी! हळदीकुंकवाच्या वाणासारखं. म्हणूनही मला तो 'सहाय्यक' शब्द टोचतो.

जुना_पंखा:
थोडं विषयांतर. 'चरित्र' हा 'चर्' धातूवरून, चालणे, वागणे. ऋग्वेदात तर चरित्र म्हणजे सरळसरळ पाय! विश्पलेचा पाय लढाईत तुटतो, पक्ष्याचा पंख तुटावा तसा, तिथे 'चरित्र' हाच शब्द आहे (1.116.15), मग अश्विनीकुमार तिला लोखंडी जंघा बसवतात. आता ब्रेननचा 'रिओ ब्राव्हो' (1959) आठवा. त्यात तो तुरुंगावर पहारा देणारा लंगडा, कुरकुऱ्या स्टंपी आहे. म्हणजे वैदिक अर्थाने चरित्र अभिनेता म्हणायला हरकत नाही.

आणि इंग्रजी कॅरेक्टरचं मूळ ग्रीक, तिथे अर्थ ठसा किंवा ठसा उमटवायचं हत्यार. 'ठसा उमटवणे' आपल्याकडे आहेच, पण 'ठसानट' म्हणालात तर लोक तपासणीला पाठवतील.

तिरफळ:
ठसानट 😂😂
दातांवरून ललिता पवार आठवल्या. 1942 मध्ये शूटिंगमध्ये जोरात थप्पड बसली, डोळ्याला कायमची इजा झाली, नायिकेची कामं गेली आणि पुढे त्या बारीक केलेल्या डोळ्यानेच अख्ख्या देशातल्या सुनांना घाबरवलं. त्यांनाही 'चरित्र अभिनेत्री'च म्हणतात, तेव्हा मात्र कानाला खटकत नाही. सवय, दुसरं काय.

चहाबाज:
एवढा काथ्याकूट कशाला, आपल्याकडे घरचा शब्द आहे: वल्ली. 'अरे काय वल्ली आहे' आपण ज्याच्याबद्दल म्हणतो तेच हे नट पडद्यावर करतात. वल्लीनट. अवलियानटही चालेल पण त्यात जरा बाबाबुवांचा वास येतो.

जुना_पंखा:
वल्लीनट आवडला, पण सगळीकडे बसणार नाही. वल्ली म्हटलं की विक्षिप्त, हवाहवासा माणूस. हॅरी डीन स्टँटन घ्या, केंटकीचा, कितीतरी वर्षं छोटी कामं केली, 'एलियन' मध्ये मांजर शोधायला जाऊन मरतो तो. पहिला मोठा नायकाचा रोल मिळाला 1984 मध्ये, 'पॅरिस, टेक्सास', साठीला टेकला होता. त्यात बराच वेळ तोंडातून शब्द काढत नाही, नुसता वाळवंटात चालतो. त्याला वल्ली कसं म्हणायचं? रॉजर इबर्ट ह्या समीक्षकाने नियमच केला होता की स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श सहाय्यक भूमिकेत असेल तर पिक्चर अगदीच वाईट असू शकत नाही. (अपवाद निघाले, त्याने कबूलही केले.)

शेवटची_रांग:
मुद्दा मान्य. आणि ब्रेनन खऱ्या आयुष्यात काही पडद्यावरचा गोड म्हातारा नव्हता, राजकारणात कट्टर उजवा, मतं वाचली तर तोंड कडू होतं. म्हणजे 'चारित्र्य अभिनेता'सुद्धा बाद.

तूर्त मी वल्लीनट वापरतो. काल बाबांना सांगितलं, 'रिओ ब्राव्हो' लावू का, त्यातही तो वल्लीनट आहे. "कोण?" म्हणाले. मग म्हणाले, "कवळीवाला होय! मग तसं सांग ना."