सिंहगडाचा सराव आणि काश्मीरची सरोवरं

दर रविवारी सिंहगड चढतोय, काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेकला तेवढं पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. पायांना पुरेल. फक्त पाठीवर भरलेली सॅक घ्या आणि खाली येताना जीप न धरता पायीच उतरा. ट्रेकच्या शेवटी गंगाबल सरोवराहून नारानागपर्यंतचा उतार संपता संपत नाही, गुडघे तिथेच बोलायला लागतात.

उंचीवरच्या विरळ हवेची सवय मात्र पुण्यात बसून करता येत नाही. सिंहगड जेमतेम १,३०० मीटर, ट्रेकमधली गडसर खिंड ४,२०० च्या आसपास! ट्रेक जिथून सुरू होतो त्या सोनमर्गला एक दिवस जास्तीचा काढाच. डोकं दुखलं, मळमळलं तर लीडरपासून लपवू नका, आणि तसंच पुढे चढू तर अजिबात नका.

गडसरच्या चढावर दम खायला थांबाल तेव्हा मागे वळून बघा. विशनसर आणि किशनसर ही दोन सरोवरं एकाच नजरेत येतात, एक खाली, एक जरा वर. त्या दृश्यासाठी मी सगळी चढण पुन्हा आनंदाने चढेन. जुलैच्या सुरुवातीला गेलात तर खिंडीपलीकडे बर्फ असू शकतो, त्यामुळे बूट चांगल्या पकडीचे हवेत.

आणि मूळ आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, वाटेत लष्कराच्या चौक्यांवर तपासतात.