व्हिक्सबर्गची मोहीम आणि मुंबईचा कापूस

गिरगावकर: डिसेंबर 1862 चा हल्ला आणि नंतर कालवा खणण्याचे प्रयत्न फसल्यावरही अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेकडच्या फौजेचा सेनापती ग्रँट याने दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या ताब्यातले, मिसिसिपी नदीकाठचे व्हिक्सबर्ग शहर कसे घेतले, हे कोणी सांगेल का?

दादरकर: 16 एप्रिल 1863 च्या रात्री नौदलाच्या बोटी शहराच्या तोफांच्या माऱ्यातून निसटल्या, आणि त्यांच्याच आधाराने ग्रँटने शहराच्या दक्षिणेला मिसिसिपी ओलांडून, धान्य बव्हंशी मुलखातूनच उचलत, आधी मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन घेतली व मगच पश्चिमेकडे वळून वेढा घातला. खरी कर्तबगारी या वळशाचीच मानावी. आतल्या सैन्यावर खेचरांचे मांस खाण्याची वेळ आली. 4 जुलैला या सैन्याने शरणागती पत्करली.

शिवडीकर: सहमत. मात्र दक्षिणेच्या बंदरांची उत्तरेने केलेली नाकेबंदी कायम असल्याने अमेरिकी कापूस बाहेर पडत नव्हता, म्हणून आपल्याकडची कापसाची तेजी पुढेही टिकली; 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईत समुद्रात भराव घालण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचे शेअर मातीमोल झाले.