नववीला रोमिओ-ज्युलिएट आणि ओडिसी : दोन्ही हवीत, एकच हवं, की दोन्ही नकोत?

सातासमुद्रापार (न्यू जर्सी)

अमेरिकेत ज्यांची मुलं नववीत आहेत किंवा होती, त्यांच्या घरी ही जोडगोळी येऊन गेलीच असेल. एका सत्रात होमरचं ग्रीक महाकाव्य ओडिसी, दुसऱ्यात शेक्सपिअरचं रोमिओ-ज्युलिएट. वर्षानुवर्षं हेच चाललंय. यंदा आमच्या घरी पाळी आहे आणि मुलीबरोबर मीही दोन्ही वाचतेय.

माझं मत सरळ सांगते. ओडिसी राहू द्या, रोमिओ-ज्युलिएट नववीतून काढा. अकरावी-बारावीत खुशाल शिकवा.

ज्युलिएटला अजून चौदावं लागलेलं नाही. रविवारी रात्री मेजवानीत नजरानजर, सोमवारी चोरून लग्न, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत दोघांनी जीव दिलेला. वर्गातली मुलं जवळपास तिच्याच वयाची असतात. त्यांच्यासमोर ही 'जगातली सर्वश्रेष्ठ प्रेमकथा' म्हणून ठेवायची, बाल्कनीच्या प्रसंगाची पोस्टरं करायला लावायची, आणि शेवटच्या विषाला-खंजिराला 'दुर्दैव' म्हणून पुढच्या धड्याकडे वळायचं? या वयात प्रत्येक गोष्ट शेवटची वाटते. त्यांना तेच खरं आहे असं सांगणारं नाटक कशाला हातात द्यायचं?

आणि हे नियमातही नाही. २०१० साली आलेल्या आणि बहुतेक राज्यांनी तेव्हा स्वीकारलेल्या कॉमन कोअरमध्ये (कुठल्या इयत्तेत काय यावं याची सामाईक मानकं) शेक्सपिअरचं किमान एक नाटक वाचा असं म्हटलंय ते अकरावी-बारावीसाठी. नववीला रोमिओच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. निव्वळ वहिवाट आहे.

ओडिसीचं तसं नाही. वीस वर्षं घराबाहेर राहिलेला माणूस अक्कल लढवून घरी पोचतो. चौदाव्या वर्षी यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

पाटीपेन्सिल (ओहायो)

ताई, मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या भाकरीचा आहे. तुमच्याशी जवळपास पूर्ण असहमत.

'सर्वश्रेष्ठ प्रेमकथा' हे नाटक म्हणत नाही, कॅलेंडरं आणि चॉकलेटवाले म्हणतात. शेक्सपिअरने गोष्ट जिथून उचलली ते आर्थर ब्रूकचं दीर्घकाव्य १५६२ चं. त्यातली ज्युलिएट सोळाच्या आसपासची, आणि कथा कित्येक महिने चालते. ब्रूकने प्रस्तावनेत पोरांनाच झापलंय : आईबापांचं ऐकलं नाही, चहाटळ बायका आणि जोग्यांच्या नादी लागले, म्हणून ही गत झाली. शेक्सपिअरने काय केलं? मुलीचं वय तेरावर आणलं, महिन्यांचे दिवस केले, आणि ते प्रवचन काढून टाकलं. म्हणजे मुलं जितकी लहान, तितका मोठ्यांचा गुन्हा मोठा.

आता मोठी माणसं बघा. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट पहिल्या अंकात म्हणतो, पोर लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊ देत. तिसऱ्या अंकात तोच बाप ओरडतो, गुरुवारी चर्चमध्ये चाल, नाहीतर फरफटत नेईन, नाहीतर भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर. आई पाठ फिरवते. अंगावर पाजून वाढवलेली दाई, जिला सगळं ठाऊक आहे, ती सांगते की बापाने ठरवलेल्या त्या पॅरिसशी कर लग्न, तोही काही वाईट नाही. त्या एका प्रसंगात एका मुलीच्या सभोवतालचं प्रत्येक मोठं माणूस गळून पडतं. हे वाचताना माझा वर्ग गप्प होतो, बाल्कनीच्या वेळी नाही. बाल्कनीला तर खिदळतात.

आत्महत्येबद्दल : मी तो अंक सुरू करायच्या आधी ९८८ हा मदतीचा नंबर फळ्यावर लिहिते (२०२२ पासून देशभर चालू आहे) आणि आमची समुपदेशक एक तास वर्गात येऊन बसते. ज्या मुलांच्या डोक्यात हा विषय आहे ती नाटक वाचलं नाही म्हणून त्यापासून लांब राहत नाहीत. फक्त एकटी राहतात.

फुकटफौजदार

नाटक काढण्याआधी हातातला फोन काढा. तिथे रविवारी ओळख आणि सोमवारी ब्रेकअप चालतो, शेक्सपिअरपेक्षा फास्ट. (हलके घ्या.)

आडवाटेचा (पुणे)

मी उलट्या बाजूने येतो. काढायचंच असेल तर शाळेत शिकवतात ते ओडिसी काढा, कारण ते ओडिसी नसतंच.

चोवीस सर्ग, बारा हजारांवर ओळी. शाळेच्या जाडजूड पाठ्यपुस्तकात साधारण काय येतं? एकडोळ्या राक्षस, जादूगारीण सर्सी, गाण्याने भुलवणाऱ्या सायरन, सहा तोंडांची सिला, मग थेट घरी इथाकाला परत, धनुष्य ओढलं, दुष्टांचा नायनाट. म्हणजे नवव्या ते बाराव्या सर्गातली भुतंखेतं आणि शेवटची मारामारी.

यात पहिली लबाडी अशी की ही सगळी राक्षसांची प्रकरणं होमर आपल्या तोंडाने सांगत नाही. ओडिसियस स्वतः सांगतो, परक्या राजाच्या दरबारात, जेवणानंतर, जेव्हा त्याला घरी जायला जहाज हवं असतं. पुढे इथाकाला पोचल्यावर हाच माणूस मी क्रीटचा अमुक नि तमुक अशा एकाहून एक सरस थापा मारतो. मग राक्षसाच्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा? चौदा वर्षांच्या मुलाला आवडेल असा प्रश्न आहे हा. पण पहिले आठ सर्ग वगळले की दरबार दिसत नाही, आणि प्रश्नच पडत नाही.

दुसरी लबाडी बाविसाव्या सर्गात. ओडिसियसच्या बायकोला मागणी घालणारे एकशे आठ जण मारून झाले की घरातल्या पन्नास दासींपैकी बाराजणी बाजूला काढतात. आधी त्यांच्याकडून प्रेतं उचलून घेतात, रक्त पुसून घेतात. मग ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस त्यांना एका दोरावर ओळीने फासावर देतो. होमर त्यांना जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांची उपमा देतो आणि म्हणतो, पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही. संपूर्ण काव्यातल्या सर्वांत भयंकर ओळी. पाठ्यपुस्तकातून बहुधा गायब.

सातासमुद्रापार, तुम्हाला रोमिओतली दोन प्रेतं खुपतात (नीट मोजली तर नाटकात सहा जीव जातात, रोमिओची आईसुद्धा), आणि 'अक्कल लढवून घरी पोचणारा' नायक चालतो. तो चालतो कारण बारा मुली तुमच्यापासून लपवल्यात.

सातासमुद्रापार

माझ्यापासून कोणी लपवलं नाही, मी पूर्ण वाचतेय. एमिली विल्सनचं भाषांतर, २०१७ चं. त्यात ते सगळं ढळढळीत आहे. आणि तरीही माझं म्हणणं तेच.

बारा हजार ओळींचं काव्य सहा आठवड्यांत शिकवायचं तर निवड करावीच लागणार. फाशीचा प्रसंग चौदाव्या वर्षी वगळला म्हणून आकाश कोसळत नाही. उरलेलं काव्य उभं राहतं. रोमिओतून मृत्यू वगळता येत नाही, तो पहिल्याच चौदा ओळींत सांगून टाकलाय. मी फरक करतेय तो एवढाच.

पाटीपेन्सिल, तुमच्यासारखी शिक्षिका सगळ्यांना मिळाली तर मी हा धागा काढलाच नसता. माझ्या मुलीच्या वर्गात या नाटकाचा गृहपाठ म्हणजे रोमिओने ज्युलिएटला पाठवलेले मेसेज इमोजीसकट लिहा.

पाटीपेन्सिल

इमोजीचा गृहपाठ वाईटच. त्यावर माझा बचाव नाही. पण तो गृहपाठाचा दोष, नाटकाचा कसा?

निवडीबद्दल मात्र आडवाटेचांशी सहमत, आणि एक भर घालते. आम्ही हमखास वगळतो ते पहिले चार सर्ग. त्यात ओडिसियस दिसतच नाही, तो पाचव्या सर्गात येतो, तोही बेटावर रडत बसलेला. पहिले चार टेलेमॅकसचे. बाप आठवत नाही, घरात फुकटे येऊन जेवतायत, आईला सांगावं की नाही कळत नाही, सभा बोलावतो आणि भर सभेत रडू फुटतं म्हणून हातातला राजदंड खाली फेकतो. नववीच्या मुलाला यापेक्षा जवळचं काय असेल? आणि आपण त्याला काय देतो, तर एकडोळ्या राक्षस, जो त्याने पाचवी-सहावीत कॉमिकमध्ये वाचलेला असतो.

बाविसावा सर्ग मी शिकवते. त्याच मुलाने दोर बांधलाय हे कळलं की वर्ग दोन गटांत फुटतो. दर वर्षी.

मधुमालती (कॅलिफोर्निया)

सगळे ग्रीस आणि इंग्लंडमध्येच फिरताय. मला मूळ प्रश्न वेगळा वाटतो. महाकाव्यच शिकवायचं तर ओडिसीच का? महाभारत त्याच्या कितीतरी पट मोठं. द्रौपदीचा सभेतला प्रश्न, कर्ण, यक्षप्रश्न, एकेका प्रसंगावर महिनाभर चर्चा होईल. आमच्या मुलांच्या वर्गात भारतीय मुलं भरपूर. त्यांना आपल्या घरातली गोष्ट वर्गात कधी दिसणार?

इथलाच (शिकागो)

मी इथेच जन्मलो, वाढलो, मराठी घरी आणि मराठी शाळेत शिकलो, तेव्हा चूकभूल माफ.

मधुमालती, कल्पना छान आहे, पण पुढचं पाऊल बघा. ओडिसी वर्गात चालतं कारण पोसायडनची पूजा करणारं कोणी मुख्याध्यापकांना पत्र लिहीत नाही. झ्यूस अन्यायी आहे, अथीना पक्षपाती आहे, असं कुठलंही पोर निबंधात लिहू शकतं. उद्या त्याच वर्गात 'सीतेला वनात पाठवणं योग्य होतं का, बाजू मांडा' असा विषय दिला तर पहिली तक्रार कोणाच्या घरातून जाईल? २००५ साली तुमच्याच राज्यात सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातल्या हिंदू धर्मावरच्या मजकुरावरून वाद झाला, तो कोर्टापर्यंत गेला. त्यानंतर कुठला साधा शिक्षक हौसेने हात घालेल?

मधुमालती

म्हणजे कोणी चिडेल म्हणून शिकवायचंच नाही? इथल्या सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्येच म्हटलंय की धर्मग्रंथ साहित्य म्हणून शिकवायला हरकत नाही. बायबल तसं शिकवतात. आणि आपल्याकडे द्रौपदीच्या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घालतच आलेत लोक. कीर्तनात घालतात, तमाशात घालतात. आपली मुलं वाद ऐकून बिघडत नाहीत.

इथलाच

कीर्तनात वाद घालणारे सगळे घरचे असतात. वर्गात तीस मुलांत दोन आपली, आणि शिक्षकाला कुंती आणि गांधारीतला फरक आदल्या रात्री कळलेला. मी नववीत असताना एका बदली शिक्षकाने कर्माचा सिद्धान्त समजावला आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, बरोबर आहे का म्हणून. मला ग्रीक देव परवडले. तिथे सगळेच पाहुणे होते.

शाईची दौत (नाशिक)

माझी मुलं आयसीएसईत शिकली. तिथे वर्षानुवर्षं शेक्सपिअरचं मर्चंट ऑफ व्हेनिस होतं. अख्खं, एकही ओळ न गाळता. परीक्षेत चार ओळी द्यायच्या, कोण कोणाला कधी म्हणालं, अंक कुठला, प्रवेश कुठला. मुलांना नाटक तोंडपाठ आणि त्यातल्या ज्यू सावकार शायलॉकवर अन्याय झाला का, यावर एक वाक्य बोलता येईना. तेव्हा 'पूर्ण वाचलं म्हणजे वाचलं' या समजुतीला माझा विरोध. आडवाटेचा, तुमच्या युक्तिवादात हे भोक आहे.

रोमिओबद्दल : दोन घराण्यांचं वैर नेमकं कशावरून, हे नाटकात शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. जुनं आहे, एवढंच. अमेरिकन मुलांना ते बहुधा विचित्र वाटत असेल. इथे महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी वाचून दाखवा, आंतरजातीय लग्नावरून मुलीचा किंवा जावयाचा जीव घेतल्याच्या बातम्या वाचलेल्या मुलांना कोणी काही समजावायला नको. मी तर म्हणेन, आपल्याकडे नसलेलं हे नाटक आपल्याकडे नववीला हवं. मंगेश पाडगांवकरांचा मराठी अनुवाद आहे, इंग्रजीची अडचणही नाही.

आडवाटेचा

शाईची दौत, भोक मान्य नाही. तुमच्या मुलांनी नाटक वाचलं नाही, पाठ केलं. मी पूर्ण वाचा म्हणतो ते ऐकून वाचा या अर्थी. होमरचा अभ्यासक मिलमन पॅरी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात फिरला, गुस्ले या तंतुवाद्यावर हजारो ओळी गाणारे निरक्षर गायक ऐकले, आणि होमरमध्ये 'गुलाबी बोटांची पहाट' सारखी सारखी का येते याचा उलगडा झाला. ठरलेले तुकडे हाताशी असले की गाणारा पुढची ओळ जुळवायला मोकळा. पोवाडा ऐकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. शाळेत ओडिसी मोठ्याने वाचलं तर सहा आठवड्यांत निम्मं सहज होतं. प्रश्नपत्रिका कमी करा, वेळ निघतो.

फुकटफौजदार

सहा आठवडे मोठ्याने वाचणार तर शिक्षिकेच्या घशाचा विमा कोण देणार?

पाटीपेन्सिल

ऑडिओबुक. आणि घसा तसाही बसतोच.

सातासमुद्रापार, तुम्हाला एक सुचवते, वर्ग काहीही करो. मुलीबरोबर ओडिसीचा पहिला आणि दुसरा सर्ग वाचा, नंतरच शाळेतले तुकडे. रोमिओत तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश दोघींनी भूमिका वाटून वाचा. कॅप्युलेट तुम्ही व्हा, ज्युलिएट तिला द्या. ते संवाद आपल्याच तोंडून ऐकणं जरा जड जातं, पण वाचा.

सातासमुद्रापार

कॅप्युलेट मी? बरं. वाचू या आठवड्यात.

पण शाळेच्या मीटिंगमध्ये मी माझा मुद्दा मांडणार आहेच : नाटक अकरावीला न्या, आणि तोवर नववीला टेलेमॅकसचे चार सर्ग सलग द्या. पाटीपेन्सिल, तुमच्यामुळे निदान दुसऱ्या अर्ध्या मागणीला एक शिक्षिका पाठीशी आहे असं धरून चालते.

पाटीपेन्सिल

दुसऱ्या अर्ध्याला नक्की. पहिल्या अर्ध्याला मी त्याच मीटिंगमध्ये असते तर विरोधात हात वर केला असता.