कमी वेगात इंजिन अडखळते, आरपीएम वाढले की सुरळीत चालते: कारण कसे शोधावे?

प्रश्न
माझी गाडी चार सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शन असलेली आणि मॅन्युअल गिअरची पेट्रोल गाडी आहे. ती उभी असताना आरपीएमचा काटा ६०० ते ९०० यांच्या दरम्यान सतत खालीवर होतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवताना बारीक झटके बसतात. मात्र आरपीएम २,००० च्या वर गेले की काहीच बिघाड नसल्यासारखी ती धावते. एअर फिल्टर व स्पार्क प्लग बदलूनही फरक पडलेला नाही. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. आता फ्युएल पंप बदलावा, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. त्याआधी काय तपासावे?

प्रतिसाद १
पंप बदलण्याची घाई करू नये. पंप किंवा इंधनाचा फिल्टर कमजोर झाला, तर त्याचा त्रास जास्त पेट्रोल लागते तेव्हा, म्हणजे चढावर किंवा ओव्हरटेक करताना, आधी जाणवतो. आपल्या गाडीची लक्षणे नेमकी उलटी आहेत. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, इंजिन फारच थोडी हवा ओढते, त्यामुळे एखाद्या तडकलेल्या नळीतून हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून आत शिरणारी हवा त्या मानाने मोठी ठरते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. थ्रॉटल (हवेची झडप) उघडला की मॅनिफोल्डमधील (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागातील) व्हॅक्यूम कमी होतो, हवेचा मुख्य ओघ कितीतरी वाढतो आणि तीच गळती नगण्य होते.

इंजिन गरम झाल्यावर स्कॅनर जोडून शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, ते आकडे) यांची बेरीज आयडलिंगला व २,५०० आरपीएमला पाहावी. आयडलिंगला ती बरीच अधिक आणि वर शून्याजवळ असेल, तर व्हॅक्यूम गळती समजावी. वरच्या आरपीएमला ती वाढत गेली, तरच पंपाचा विचार करावा.

प्रतिसाद २
वरील पद्धत योग्य आहे, परंतु ती एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असलेल्या गाड्यांना लागू पडते. ज्या गाड्यांत हवेचा हिशेब केवळ मॅनिफोल्डमधील दाबावरून होतो, तिथे गळती असली तरी संगणक जादा हवेला पुरेल इतके पेट्रोल सोडतो. ट्रिम फारसे बदलत नाहीत आणि आयडलिंगचे आरपीएमच वाढतात.

ईजीआर व्हॉल्व्हही, म्हणजे थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडपही, विसरू नये. तो काजळीमुळे किंचित उघडा अडकला, तर आयडलिंगला जळका वायू सिलिंडरमध्ये मिसळत राहतो आणि वेग वाढला की त्रास नाहीसा होतो, म्हणजे लक्षणे हुबेहूब हीच असतात. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला असेल तर ती साफ करावी. मात्र अनेक गाड्यांत त्यानंतर स्कॅनरने आयडल रीलर्न (संगणकाला आयडलिंगची स्थिती नव्याने शिकवणे) करावे लागते. इंजिन माउंटिंगवर (इंजिन ज्यावर बसते त्या आधारांवर) मी संशय घेणार नाही, कारण त्यात बॉडी थरथरते, काटा हलत नाही.

प्रश्नकर्ता
गाडीत एमएएफ सेन्सर आहे. ट्रिमची बेरीज आयडलिंगला २१ टक्के अधिक आणि २,५०० आरपीएमला ४ टक्के अधिक आली. मग दिवा का लागला नाही?

प्रतिसाद १
मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ हा कोड अनेक गाड्यांत ट्रिम साधारण २५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर नोंदला जातो. आपली गाडी त्याच्या अलीकडे आहे. एमएएफ आणि थ्रॉटल यांच्यामधील रबरी बेलोजच्या घड्या हाताने ताणून पाहाव्यात, कारण तिथली चीर एरवी दिसत नाही. त्यानंतर पीसीव्हीची (क्रँककेसमधील वायू इनटेकमध्ये नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी आणि शेवटी इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे. चालू, गरम इंजिनवर क्लीनरचा फवारा मारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तो द्रव ज्वलनशील असतो. स्मोक टेस्ट (इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणे) करून घेणे अधिक सुरक्षित आणि अचूक ठरते. दुरुस्तीनंतर आयडलिंगचे ट्रिम पुन्हा पाहावेत आणि ते शून्याजवळ येऊनही त्रास राहिला, तरच ईजीआर व्हॉल्व्ह उघडावा.