मुलाचं बोलणं दुरुस्त कसं करावं? (बजेट महिना १२००)

चिपळूणची_आई
मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. कान तपासून झाले, ठीक आहेत. डीएलडी म्हणजे भाषाविकार असं निदान झालंय. गप्पा मारायला आवडतं, पण 'दादा मला ढकलला', 'आजी लाडू दिली' असं बोलतो. 'चूक, नीट बोल' म्हटलं की पार गप्प होतो. सासूबाईंचं म्हणणं, टोकलं नाही तर हेच अंगवळणी पडेल. घरी काय करावं? खेळ, पुस्तक, क्लास, काहीही सुचवा. १२००च्या वर जमणार नाही. मुंबई लांब पडते.

राजा_सोलापूर
डोळे झाकून टॅब घ्या. आमच्या कन्येला २८ हजारांचा घेतला. ॲपमध्ये बरोबर उत्तराला टाळ्या, चुकलं की भोंगा. फाडफाड बोलते आता.

ठाण्याची_मावशी
अहो, बजेट वाचलंत का? आणि तुमच्या मुलीला भाषाविकार होता?

राजा_सोलापूर
नव्हता. पण टॅब उत्तम आहे.

अण्णा_वाईकर
मुलगे उशिराच बोलतात. आमचा पुतण्या पाचव्या वर्षापर्यंत मुका होता, आज कोर्टात समोरच्याला बोलू देत नाही. वेखंड उगाळून चाटवा.

स्पीच_थेरपिस्ट_पुणे
वेखंड नको, जिभेचा इथे संबंध नाही. आणि हा मुलगा बोलतोय की, अण्णा.
ताई, तो 'दादा मला ढकलला' म्हणाला की लगेच 'अगं बाई, दादाने तुला ढकललं?' एवढंच म्हणा. त्याचंच वाक्य, चुकलेलं तेवढं बदललेलं. परत म्हणवून घेऊ नका. एका वेळी एकच गोष्ट धरा, सध्या फक्त 'ने'. तुरळक केलं तर उपयोग होत नाही. बसून खेळताना भरपूर वेळा कानावर पडलं पाहिजे, तेही वेगवेगळ्या क्रियापदांसोबत: माकडाने टोपी पळवली, उंदराने लपवली, मांजराने फाडली.

गणितमास्तर
म्हणजे चुकीच्या वाक्याला मान डोलवायची? आम्ही छड्या खाऊन शिकलो. चूक ती चूक.

स्पीच_थेरपिस्ट_पुणे
मान डोलवायची ती त्याच्या बातमीला. दादाने ढकललंय, ते खरंच आहे ना? त्याच्या वाक्याला लागूनच बरोबर वाक्य ऐकू येतं, म्हणून दोन्हींतला फरक लक्षात येण्याची शक्यता वाढते. पण मास्तर, तुमचं अर्धं बरोबर आहे. शाळकरी मुलांना नियम उघड करून दाखवलेलाही उपयोगी पडतो. इंग्लंडमध्ये सुझन एबल्स यांनी वाक्याच्या भागांना आकार आणि रंग देऊन व्याकरण शिकवायची पद्धत आणली. घरी कार्डशीट कापून 'कोणी केलं' त्याला एक आकार, 'काय केलं' त्याला दुसरा, असं करता येईल. फक्त ते वेगळं बसून. तो जीव तोडून काहीतरी सांगत असताना नाही.

गणितमास्तर
अर्धं का होईना, मान्य केलंत.

तुषार_दुबई
घरात दोन भाषा असतील तर एक बंद करा. आम्ही मराठी बंद केली.

ठाण्याची_मावशी
आणि आजीशी कशात बोलतो, अरबीत?

स्पीच_थेरपिस्ट_पुणे
दोन भाषांमुळे हा विकार होत नाही, एक बंद करून जातही नाही.

ठाण्याची_मावशी
माझ्या भाच्याला वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत नेत होतो. सरकारी आहे, पण गर्दी बघून रडू येतं. चिपळूणहून कुठे जाणार म्हणा. तुमच्या जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात. वाचा-उपचारतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे का, ते आधी फोनवर विचारून घ्या. नाहीतर हेलपाटा.

अण्णा_वाईकर
मीही तेच म्हणणार होतो. सरकारी बघा.

चिपळूणची_आई
सगळ्यांचे आभार. काल माकडाचा खेळ खेळलो. 'उंदीर टोपी लपवला' म्हणाला, मी 'हो, उंदराने टोपी लपवली!' म्हटलं, तर गप्प न होता पुढचं सांगत राहिला. हे चालू ठेवणार. केंद्रात फोन करते.
पैशांचं म्हणाल तर तबल्याचा क्लास लावला, महिना ९००. कधीपासून मागे लागला होता.

स्पीच_थेरपिस्ट_पुणे
तबल्याने 'ने' येणार नाही हो ताई. ते पैसे महिन्यातून एकदा तज्ज्ञाच्या भेटीला ठेवा, ऑनलाइनही चालेल.

चिपळूणची_आई
कळतंय. तरी तबलाच.

गणितमास्तर
राजासाहेब, टॅब कोणता ते व्यनि (खासगी निरोप) करा. नातवासाठी हवाय.

राजा_सोलापूर
केला.