कचराभूमीचा मिथेन : निर्मिती, उत्सर्जन की फ्लक्स?

प्रश्न : कचराभूमीतल्या मिथेनवरचा अहवाल मराठीत आणते आहे. ‘जनरेशन’, ‘एमिशन’, ‘फ्लक्स’ तिन्हींना ‘उत्सर्जन’ चालेल का? फ्लक्ससाठी ‘स्रोत’ हा शब्दही कुणी सुचवला आहे.

प्रतिसाद : मुळीच नाही, हिशेब बिघडेल. कचऱ्याच्या पोटात तयार होते ती निर्मिती. त्यातून कचऱ्यात खोदलेल्या वायूविहिरींनी ओढलेला वायू वजा जातो, उरलेल्यातला काही आच्छादनाच्या मातीतले जिवाणू खातात. मग हवेत सुटतं ते उत्सर्जन. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या) २००६ च्या पद्धतीत जिवाणूंचा हा वाटा मातीने झाकलेल्या, नीट राखलेल्या जागेसाठी ०.१, एरवी शून्य. जमिनीवर बंद पेटी उपडी ठेवून, तीत साचणारा वायू मोजून काढलेल्या आकड्यातून मात्र हा ०.१ पुन्हा वजा करू नका. पेटीत शिरलेला वायू माती ओलांडूनच आलेला असतो. ही चूक फार दिसते.

फ्लक्स म्हणजे एका चौरस मीटरमधून ठरावीक वेळात किती. पेटीचा तळ ०.२५ चौ.मी., आतली जागा ५० लिटर, आतला मिथेन मिनिटाला १० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत १० भागांनी) वाढतोय असं समजा. २५ अंश सेल्सिअसला १ पीपीएम म्हणजे घनमीटरमागे सुमारे ०.६५६ मिलिग्रॅम. म्हणून १० पीपीएमचे ६.५६, गुणिले ०.२ (घनमीटरमधलं घनफळ भागिले क्षेत्रफळ), गुणिले दिवसाची १४४० मिनिटं. दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे १.९ ग्रॅम.

प्रतिसाद : ‘स्रोत’ नकोच. संस्कृतात स्रोतस् म्हणजे प्रवाह हे खरं, पण आजचा वाचक ‘मिथेनचा स्रोत’ वाचून कचऱ्याकडेच बोट दाखवील. ‘फ्लक्स’ ठेवा, पहिल्यांदा ‘क्षेत्रफळामागे उत्सर्जनाचा दर’ असा खुलासा द्या. पृष्ठभागावर फिरवलेल्या यंत्राचे पीपीएम ही नुसती संहती, म्हणजे हवेतलं वायूचं प्रमाण; तिला फ्लक्स म्हणू नका. वारा सुटला की तीच जागा कमी दाखवते.

प्रतिसाद : वरच्या उदाहरणाला पुस्ती. पेटीतल्या मिथेनच्या वाढीचा आलेख सरळ हवा. वाकला तर सुरुवातीचाच उतार घ्या, कारण पेटीत वायू साचला की मातीतून येणारा मंदावतो. पहिल्याच नमुन्यात उडी दिसली तर पेटी जोरात दाबली गेली आहे. पेटी ज्यावर टेकते ते कडं आधीच मातीत बसवून ठेवा. हवेचा दाब उतरताना फ्लक्स वाढतो, म्हणून वेळेबरोबर दाबही नोंदवा. आणि मोजक्याच ठिकाणांचा फ्लक्स धरून सगळ्या क्षेत्रफळाने गुणलं तर भेगांतून सुटणारा वायू हिशेबातून निसटतो.

प्रश्नकर्ती : मग ‘गळती’ हा शब्द कुठे वापरू?

प्रतिसाद : ती नळ्या-विहिरींच्या सांध्यांसाठी राखा. आच्छादनातून येणाऱ्या वायूला ‘पाझर’ही म्हणू नका, कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याशी गल्लत होईल.